अंजनीची डहाळी

दाजी कड्यावरून पडले त्याला कारण मी आहे. वाटेला जिथे दोन फाटे फुटत होते तिथे मागच्यांसाठी खूण म्हणून टाकायची डहाळी मी चुकीच्या जागी टाकली, आणि दाजी पडल्यावर, कुणी बघायच्या आत, ती उचलून बरोबर जागी ठेवली. पहिल्या गोष्टीला मी चूक म्हणतो. दुसरीला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आठवणी लिहिताना हे प्रकरण मी तीनदा टाळलं. चार पानं कोरी सोडून पुढचं लिहीत गेलो, नोकरीचं, लग्नाचं, मुलांचं. पण ती कोरी पानं सोडून बाकीचं वाचायला घेतलं की सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य वाटतं. म्हणून आता बसलो आहे.

आमचं घर रहाटणीत, दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं. पाठीमागच्या दारातून पवनेकडचे मळे दिसायचे. पहाटे आबा, माझे वडील, मोट धरायचे, तिचं चाक कुरकुरायचं, आणि त्या आवाजावर आम्ही उठायचो. मग एक वर्ष असं आलं की मोटेच्या आधी पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा वाजायला लागला. आई म्हणायची, "ह्यो कोण मेला रोज बोंबलतो?" त्या भोंग्यावर पहिल्यांदा आमच्या घरातून कामाला गेले ते दाजी, म्हणजे ज्ञानोबा, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव माण. तिथून पिंपरीला रोज चालत येणं जमेना, म्हणून ते आणि आक्का आमच्याकडे राहायला आले. पुढच्या खोलीत एका बाजूला आबांची वाकळ, दुसऱ्या बाजूला दाजींची पत्र्याची पेटी. दाजी पाळीवरून आले की कपड्यांना वंगणाचा वास यायचा आणि आक्का नाकाला पदर लावून त्यांना विहिरीवर पिटाळायची. मला त्याच कारखान्यात त्यांनीच लावून घेतलं. पहिल्या दिवशी मशीनच्या आवाजाने मी घाबरलो, तेव्हा त्यांनी माझ्या कानात कापसाचे बोळे घातले आणि ओरडून म्हणाले, "आता आक्का बोलली तरी ऐकू यायचं न्हाई बघ!"

गावात त्यांना घरजावई म्हणून टोचायचे. पारावर बसलेला एखादा म्हातारा विचारायचा, "काय जावईबापू, सासऱ्याची भाकरी गोड लागती का?" दाजी हसून म्हणायचे, "भाकरी तुमच्या गावची हाय, मीठ माझंच हाय." लोक हसायचे, तेही हसायचे. मनाला लावून घेणारा तो माणूस नव्हता, हे मी आज शपथेवर सांगतो. पण आक्काला लागायचं. आम्ही भीमाशंकराला निघालो त्या सकाळी ती चुलीपाशी वरईच्या दशम्या बांधत होती, आणि दाजी नवी टोपी घालून आरशात बघत होते. ती म्हणाली, "देवाला जाताय ते बरं हाय. त्यालाच विचारा, आपलं सोताचं छप्पर कधी व्हायचं. का जल्मभर दुसऱ्याच्याच दारात बसायचं?" दाजींनी टोपी सारखी केली, दशम्यांचं फडकं घेतलं आणि म्हणाले, "विचारतो." एवढंच. नवराबायकोत होतं तेवढंच बोलणं. पुढे ते किती जड झालं ते येईलच.

आम्ही तिघे होतो, मी, दाजी आणि माझे चुलते तात्या. वाट दाखवायला भागूबाबा. भागूबाबा कड्याच्या काठच्या एका वाडीत राहायचा, हिरडा घेऊन चाकणच्या बाजाराला यायचा, आणि आबा कांद्याच्या गाडीखाली त्याला आपल्या शेजारी निजायला जागा द्यायचे. तेवढ्यावर त्याने आम्हाला किती वर्षं बोलावणं केलं होतं. "श्रावणात या. पानी खाली पडत न्हाई तिथं, वर उडतं," म्हणायचा. आम्हाला ती थाप वाटायची.

चाकणच्या बाजाराचं थोडं सांगायला हवं, कारण माझी चूक तिथेच तयार झाली. आमच्याकडच्या गाड्या चाकणला एकामागून एक सुटायच्या. पुढचा गाडीवान रस्ता फुटला की लिंबाची डहाळी मोडून ज्या रस्त्याने तो गेला त्या रस्त्यावर टाकायचा. मागच्याने डहाळी बघायची आणि बैल तिकडे वळवायचे. मी आठव्या-नवव्या वर्षापासून गाडीच्या पुढच्या बाजूला बसून ती डहाळी टाकत आलो होतो. डहाळी म्हणजे "इकडे या". ह्याच्या उलट काही असू शकतं हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आज त्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक चालतात आणि दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या जागांना कुंपणं पडली आहेत. डहाळी टाकायला झाड सापडायचं नाही.

खेडहून पुढे वाडा गावापर्यंत एस.टी. होती, तिथून दिवसभर पाय. संध्याकाळी भागूबाबाच्या घरी पोचलो तेव्हा आम्ही नखशिखांत भिजलो होतो. घर कारवीच्या कुडाचं, आत चुलीचा धूर कोंडलेला, ओल्या घोंगड्यांचा वास, आणि बाहेर सतत, न थांबता, पाण्याचा घों घों आवाज. भागूबाबाच्या म्हातारीने नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली. तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. आता मिळाली तरी घशाखाली उतरणार नाही. जेवताना भागूबाबा दुसऱ्या दिवसाची वाट समजावून सांगत होता. धुकं आलं की हातभरावरचं दिसत नाही. पुढचा माणूस हाकेच्या पलीकडे गेला तर त्याने फुटीवर डहाळी आडवी टाकायची.

"ज्या वाटंनं जायचं न्हाई, तिच्यावर टाकायची," तो म्हणाला. "डहाळी म्हंजी दार लावलं. वलांडायची न्हाई. ध्यानात आलं का, पाव्हनं?"

दाजींनी हातातली भाकरी खाली ठेवली. "म्हंजी मोकळी वाट आपली, आन डहाळीची वाट बंद."

"बराबर."

मी पाय चोळत बसलो होतो. मी म्हणालो, "आमाला काय शिकवतो बाबा? डहाळ्या टाकून टाकून माझे हात हिरवे झाले. चाकणच्या रस्त्याला इचार." तात्या हसले. म्हातारीही हसली. दाजी हसले नाहीत, ते भागूबाबाला आणखी काही विचारत होते. मी ऐकलं होतं, हे मी लपवणार नाही. शब्द कानावर पडले होते. फक्त मी ते घेतले नाहीत, कारण मला ते आधीच येत होतं.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. येताना भागूबाबाने कड्याच्या काठाने आणलं, पाणी वर उडताना दाखवायला. आणि खरोखर, धबधबा कड्यावरून खाली झेप घ्यायचा आणि कोकणातून वारा उसळला की तो सगळाच्या सगळा उलटा फिरून आमच्या तोंडावर यायचा. दाजी लहान मुलासारखे ओरडले. कधी धुकं फाटायचं आणि खाली, फार खाली, भाताची खाचरं आरशाच्या तुकड्यांसारखी दिसायची, की लगेच पुन्हा पांढरं. माझ्या आयुष्यात मी तितकी सुंदर जागा पाहिली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं होतं.

तात्यांचा गुडघा धरला. भागूबाबा त्यांना आधार देत मागे राहिला. दाजी मध्येच थांबून रानात शिरले. आक्काच्या परसात लावायला त्यांना चवरीचे कंद हवे होते, गुलाबी तुऱ्याच्या. मला श्रावणी सोमवारच्या उपासाने कडकडून भूक लागली होती आणि पुढे पोचायची घाई होती. भागूबाबा म्हणाला, "व्हय म्होरं. टेपाड उतरलं की फूट हाय. उजवी आपली. डावी धबधब्याच्या तोंडावर जाती, गुरं पान्याला जायाची ती. आता शेवाळ हाय. डहाळी टाक तिथं."

"टाकतो," मी म्हणालो.

फूट आली. दोन्हीकडे काळा कातळ, त्यावरून पाणी वाहत होतं, पाऊल उमटत नव्हतं. बाजूला अंजनीचं झाड होतं. मी एक चांगली पानांची डहाळी मोडली, उजव्या वाटेवर नीट मधोमध ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला, आणि उजवीकडे चालू लागलो. काम चोख केल्याचं समाधानही वाटलं. तो दगड ठेवताना माझ्या बोटाला लागलेला गारवा मला आजही आठवतो, आणि मी पाळीवर मशीनचं थंड लोखंड धरलं की तोच गारवा येतो.

थोडं पुढे एक ओहोळ लागला. तिथे पाणी पीत असताना हाक ऐकू आली. "दत्तूऽ!" हाक डावीकडून आली. तिथून कुणाचीच हाक यायला नको होती. पाठोपाठ दगड घरंगळल्याचा आवाज, आणि मग धबधबा, पहिल्यासारखाच. मी उभा राहिलो. पुन्हा हाक आली नाही. मी ओरडत मागे पळालो आणि फुटीवर येऊन थांबलो. समोर माझी डहाळी होती, उजव्या वाटेवर, दगडाखाली. आणि त्या क्षणी आदल्या संध्याकाळचं सगळं, भाकरी खाली ठेवणारे दाजी, "मोकळी वाट आपली," हे सगळं एकदम डोक्यात शिरलं. कंद खणून दाजी मागच्या दोघांच्या आधीच फुटीवर आले होते आणि त्यांनी माझी डहाळी पाहिली होती. ती बघून, शिकवलं तसं, ते मोकळ्या वाटेने गेले होते. माझ्यावर विश्वास ठेवून गेले होते.

मी डावीकडे धावायला हवं होतं. एखादे वेळी ते कपारीला धरून असतील, एखादे वेळी हाताला हात लागला असता. मी हे रोज स्वतःला विचारतो. मागून टेपाडावर तात्यांचा खोकला ऐकू आला, आणि भागूबाबाचा आवाज, "सांभाळून, सांभाळून." मी वाकलो. दगड बाजूला केला. डहाळी उचलली, दोन ढांगा टाकल्या, डाव्या वाटेवर आडवी ठेवली आणि दगडही वर ठेवला. मग डावीकडे पळालो. कड्याच्या तोंडावर दाजींची काठी पडली होती, बाकी नुसतं पांढरं.

ते दोघे पोचले. तात्यांना काही समजेना. भागूबाबा गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ खाली हाका मारत राहिला. मग तो फुटीकडे परत गेला, डहाळीकडे बघितलं, आणि माझ्याकडे.

"तूच टाकली न्हवं?"

"मीच टाकली," मी म्हणालो. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

तात्या रडत म्हणाले, "मग त्यो गेला कसा? डहाळी असून गेला कसा?"

भागूबाबाने डोक्यावरचं इरलं काढलं. पाऊस त्याच्या तोंडावरून वाहत होता. "त्याला म्या काल सांगितलं व्हतं. त्याला समदं समजलं व्हतं, त्यानं बोलून दावलं मला," तो हळू म्हणाला. "डहाळी वलांडून चुकून कुनी जात न्हाई, तात्या. ज्याला जायाचंच हाय त्योच जातो."

मी तोंड उघडलं नाही. तो प्रामाणिक माणूस होता, त्याने जे पाहिलं त्यावरून तो बोलला. जे पाहिलं ते मी ठेवलेलं होतं.

वाडीतली माणसं दोर घेऊन उतरली. तिसऱ्या दिवशी आबा आणि माणहून दाजींचे धाकटे भाऊ शंकरराव आले. पाटलाने चौकशी केली, मी तेच सांगितलं. अग्नी तिथेच दिला. आक्काला तोंड बघायला मिळालं नाही. उपरण्याच्या गाठीत बांधलेले चवरीचे कंद तेवढे शाबूत होते, ते तात्यांनी घरी आणले. आक्काने ते हातात घेतले आणि म्हणाली, "जीव द्यायचा व्हता तर हे कशाला खणलं?" उत्तर फक्त माझ्याकडे होतं. तिने ते विहिरीच्या कडेला लावले. दोन श्रावण तुरे आले. तिसऱ्या वर्षी एका दुपारी खुरप्याने तिने सगळे उपटून नदीत टाकले.

दाजींची आई दहाव्याला सगळ्यांसमोर आक्काला म्हणाली, "माझ्या लेकराला काय बोललीस तू, की त्यानं कडा गाठला?" आणि आक्काने, माझ्या भोळ्या बहिणीने, निघतानाचं ते बोलणं शब्द न् शब्द सांगून टाकलं. छप्पर, दुसऱ्याचं दार, सगळं. त्यानंतर माणचं दार तिला बंद झालं. गावात घरजावयाचं टोचणारेच आता म्हणू लागले, बाईचं तोंड वाईट.

तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. भाकरी थापायची, धुणं धुवायचं, आईचं केलं, आबांचं केलं, माझं लग्न झाल्यावर माझी मुलं वाढवली. माझ्या बायकोने चढ्या आवाजात काही म्हटलं तर आक्का खालमानेने उठून परसात जायची. ज्या बाईच्या एका वाक्याला सगळं घर हसायचं, ती मीठ कमी आहे हेही सांगेनाशी झाली. फक्त कधी मी एकटा जेवत असलो की ताटासमोर बसायची. "दत्तू, गाडीत काही बोलले व्हते का रे? माझं नाव काढलं व्हतं का?" मी म्हणायचो, "न्हाई आक्का." खरं तर दाजी सगळ्या वाटेने तिचंच बोलत होते. छपराला पत्रे घालायचे की कौलं, ह्यावर तात्यांशी वाद घालत होते. हे सांगितलं असतं तर ते आनंदात होते हे कळलं असतं, मग पुढचा प्रश्न आला असता. त्या भीतीने मी तिला तेवढंही दिलं नाही.

भागूबाबा पुढे चाकणला यायचा, आबांना भेटायचा, आमच्या घरी मात्र आला नाही. तो कधी वारला तेही आम्हाला उशिरा समजलं. मळे गेले, शेजारी काळेवाडीत पत्र्याच्या खोल्या उठल्या, मी मशीनवरचा जुना माणूस झालो. नवी पोरं मला दत्तूभाऊ म्हणतात, सल्ला विचारतात. मी सांगतो, ते ऐकतात, आणि मला आतून धडकी भरते.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं, मंदाचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दुपारी ती आक्काजवळ बसून लसूण सोलत होती. मी दाराच्या अलीकडे होतो. आक्का तिला म्हणाली, "मंदे, एक ध्यानात ठेव. नवरा घराभाईर पडताना तोंडातून शबुद काढायचा न्हाई. चांगला न्हाई, वाईट न्हाई. मी काढला. त्यो घेऊन ते गेले. मी मानूस मारलंय, पोरी." मंदा रडायला लागली. आक्का रडत नव्हती, लसूण सोलत होती.

मी आत गेलो. मंदाला बाहेर जायला सांगितलं. सांगायला ओहोळापासून सुरुवात केली, मग मागे गेलो, मग पुढे आलो. मला धड सांगताही येईना. आक्काने मध्ये फक्त दोनदा विचारलं.

"म्हंजी त्यांना वाटलं, तीच वाट बरी?"

"व्हय."

"हाक कुनाला मारली?"

"मला."

तिने सुपातला लसूण एका बाजूला केला. मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेलो, तर तिने पाय आखडून घेतले. म्हणाली, "मला न्हाई. मी इथंच हाय, कुठं जाती. पितरपाटात माणला त्यांच्या घरी भावकी जमती. समद्या पितरांची पानं वाढत्यात, ह्यांचं वाढत न्हाईत, जीव दिल्याला म्हनून. तिथं चल. तिथं सांग." लग्न पार पडलं. मंदा सासरी गेली. चार महिने आक्का माझ्याशी बोलली नाही, वाढायची तेवढं.

भाद्रपदात आम्ही दोघे माणला गेलो. आक्का त्या अंगणात इतक्या वर्षांनी उभी होती, आणि तिला बस म्हणायला कुणी पुढे आलं नाही. दाजींची आई केव्हाच गेली होती. शंकररावांचे केस पिकले होते. अंगणात पन्नासेक माणसं पानांच्या रांगांवर बसायच्या बेतात होती. शंकरराव म्हणाले, "काय काम काढलंत?" मी हात जोडले. मग खांबाला धरलं.

मी म्हणालो, "मी रहाटणीचा दत्तू. तुमच्या ज्ञानोबांनी जीव दिला नाही. त्यांना वाट दाखवायची डहाळी मी चुकीच्या वाटेवर टाकली, म्हणून ते पडले. पडल्यावर मी ती उचलून दुसरीकडे ठेवली आणि सगळ्यांशी खोटं वागलो. माझ्या बहिणीच्या बोलण्याने काही झालं नाही. तुम्ही तिला बोल लावलात तो माझा होता. मला माफ करा."

रांगेच्या टोकाला एक म्हातारा कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाला, काय म्हणाला तो.

आक्का माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "मोठ्यानं बोल, दत्तू. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

मी खांब सोडला, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.